कोलायटिसच्या रुग्णाच्या पित्तनलिकेतला स्टेंट: ताप आला तर आधी काय तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाचे वय ३४, बरीच वर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज), त्यासाठी मेसालामाइन आणि प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन ही औषधे चालू. अडीच महिन्यांपूर्वी कावीळ झाली. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) पित्तनलिका ठिकठिकाणी आवळलेली दिसली, पीएससीचे (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, पित्तनलिका सुजून आवळत जाण्याचा जुनाट आजार) निदान झाले आणि नागपुरात दुर्बिणीतून १० फ्रेंचचा (फ्रेंच हे जाडीचे माप) प्लास्टिक स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी नळी, टाकला. आता आठवडाभर अंगाला खाज आहे, दोनदा हुडहुडी भरून ताप आला आणि गोळ्यांनी उतरला. वर्ध्याजवळच्या गावातले डॉक्टर म्हणतात, कोलायटिस उसळला, स्टिरॉइड सुरू करू. स्टेंट बदलावा, काढावा, की धातूचा टाकून एकदाचे मोकळे व्हावे?

ताई, स्टिरॉइड सुरू करण्याआधी भावाला नागपूरला आणा, आणि आजच आणा. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला, तर तो स्टेंट तुंबल्याचा ताप आहे असे धरूनच चालायचे. दुसरे कारण सापडेपर्यंत हे गृहीत बदलायचे नाही. गोळ्यांनी ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. अँटिबायोटिकने रक्तातले जंतू तात्पुरते मागे हटतात, पण तुंबलेले पित्त तिथेच राहते आणि काही दिवसांनी ताप परततो. दोनदा येऊन गेला, म्हणजे ते घडूही लागले आहे.

कोलायटिसच्या रुग्णात हे निदान चुकते ते का, हे समजून घ्या. सीआरपी आणि ईएसआर हे सूज दाखवणारे रक्तातले आकडे आतड्याच्या सुजेनेही वाढतात आणि पित्तनलिकेच्या जंतुसंसर्गानेही, त्यामुळे ते वाढलेले पाहून काहीच ठरत नाही. पांढऱ्या पेशींचा आकडाही फसवतो: अझाथायोप्रिनने तो मुळात खाली असू शकतो, म्हणून ‘नॉर्मल’ आला तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही, आणि स्टिरॉइडवर असलेल्या माणसात तो संसर्ग नसतानाही वर जातो. पित्त अडले की शौच फिकट, मातकट रंगाचे होते. पण ज्याला रोज रक्त-आव पडते त्याच्या हे लक्षात येत नाही. लघवीचा रंग मात्र फसवत नाही. भरपूर पाणी पिऊनही लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद येत असेल, तर पित्त अडल्याची शंका घ्या. खाजही त्याच बाजूने बोट दाखवते. नुसता कोलायटिस उसळला तर रक्त, आव, वारंवार घाई, पोटात मुरडा वाढतो. हुडहुडी आणि खाज ही त्याची लक्षणे नव्हेत. तुमच्या पत्रात शौचाची तक्रार वाढल्याचा एक शब्दही नाही, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

नागपूरच्या आसपास आणखी दोन गोष्टी गोंधळ घालतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर विदर्भात मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस असतातच. तिन्हीत थंडी-ताप येतो आणि यकृताच्या तपासण्या बिघडतात. या चाचण्या जरूर करा, पण त्यांच्या रिपोर्टची वाट पाहत स्टेंटची चौकशी लांबवू नका. दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. बिलिरुबिन हे काविळीचे पिवळे द्रव्य, रिपोर्टमध्ये त्याचे दोन भाग येतात. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटून होणाऱ्या काविळीत इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढते, तर नलिका अडली की डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतात. शिवाय सिकलसेलमध्ये पित्ताचे काळे खडे होतात. घरात कुणाला हा आजार असेल किंवा भावाचे हिमोग्लोबिन कोलायटिसच्या मानाने फारच कमी राहत असेल, तर एकदा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. ही तपासणी आयुष्यात एकदा करावी लागते आणि पुढच्या प्रत्येक काविळीच्या वेळी उपयोगी पडते.

आता स्टेंट तुंबतो कसा ते. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, म्हणजे १० फ्रेंचच्या नळीची बाहेरची जाडी जेमतेम ३.३ मिलिमीटर, ७ फ्रेंचची २.३. आतली पोकळी त्याहून लहान. नळीचे खालचे टोक लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडे असते, म्हणून तिथले जंतू आणि अन्नातले तंतू वर चढतात. मोरीच्या पाइपात धरतो तसा बुळबुळीत थर नळीच्या आत धरतो, त्यावर पित्तातला गाळ बसतो. सर्वसाधारण रुग्णात प्लास्टिक स्टेंट सुमारे तीन महिने चालतो, म्हणून ‘तीन महिन्यांनी बदला’ असे सांगण्याची पद्धत पडली. पण तो हिशेब खड्यांच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीच्या रुग्णांचा आहे. पीएससीत यकृताच्या आतल्या अनेक बारीक फांद्याही आवळलेल्या असतात. त्यांतले पित्त आधीच संथ आणि बऱ्याचदा जंतूंनी भरलेले असते. त्यात ही नळी काही फांद्यांच्या तोंडावरून जाते आणि त्यांचा निचरा आणखी कमी करते. म्हणून पीएससीत स्टेंट टाकावाच लागला तर तो एक ते दोन आठवड्यांत काढायचा असतो. अडीच महिने हा काळ फार झाला.

मग तो टाकला तरी का जातो? कधी दुसरा इलाज नसतो. आवळलेला भाग फुग्याने रुंद करूनही पित्त उतरत नाही, किंवा आत पू दिसतो, तेव्हा स्टेंट लागतोच. पण नेहमीचा मार्ग म्हणून फुगा जास्त चांगला, आणि याला भक्कम आधार आहे. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून पीएससीच्या ६५ रुग्णांवर फुगा विरुद्ध अल्पकाळचा स्टेंट अशी थेट तुलना केली, निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नलिका पुन्हा आवळण्याच्या बाबतीत स्टेंटचा काहीच जादा फायदा दिसला नाही. गंभीर गुंतागुंत मात्र स्टेंटच्या गटात ४५ टक्के, फुग्याच्या गटात ७ टक्क्यांच्या आत. मुख्यतः स्वादुपिंडाला सूज आणि पित्तनलिकेचा संसर्ग. अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणून भावाच्या पुढच्या ईआरसीपीआधी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत करायचा उपचार) डॉक्टरांना सरळ विचारा: “फुग्याने भागेल का? आणि स्टेंट ठेवलाच तर काढण्याची तारीख कोणती?” असे विचारल्याचा कुठलाही अनुभवी डॉक्टर राग धरणार नाही.

धातूच्या स्टेंटबद्दल: नको. आवरण नसलेला धातूचा स्टेंट नलिकेच्या आत रुतून बसतो, त्याच्या जाळीतून मांस वाढते आणि तो काढता येत नाही. ३४ वर्षांच्या, कॅन्सर नसलेल्या माणसात तो बसवणे म्हणजे पुढच्या सगळ्या वाटा बंद करणे. उद्या यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली तर शल्यचिकित्सकालाही तो आडवा येतो. पूर्ण आवरणाचा काढता येतो, पण ८ ते १० मिलिमीटर रुंदीची ती नळी बाजूच्या फांद्यांची तोंडे झाकते, पित्ताशयाच्या नळीचे तोंड झाकले गेले तर पित्ताशय सुजते, आणि सरकण्याची भीती राहतेच. पीएससीत आवळण एका जागी नसते, म्हणून ‘एकदाचे मोकळे होणे’ या आजारात कुठल्याच स्टेंटने साधत नाही.

नागपूरला पोहोचल्यावर काय व्हायला हवे ते क्रमाने सांगते, म्हणजे काही सुटले तर तुमच्या लक्षात येईल. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांवरून. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद न देणारे जंतू खूप आहेत. कल्चर नसले तर तिसऱ्या दिवशी औषध बदलताना डॉक्टर अंधारात चाचपडतात. सोबत सीबीसी, बिलिरुबिनचे दोन्ही भाग, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), लायपेज (स्वादुपिंडासाठी). काविळीत व्हिटॅमिन के शोषले जात नाही आणि आयएनआर वाढतो. तो वाढलेला असेल तर दुर्बिणीआधी व्हिटॅमिन के शिरेतून द्यावे लागते. मग पोटाचा साधा एक्स-रे. लोक थेट सीटीकडे धावतात, पण प्लास्टिक स्टेंट साध्या एक्स-रेत दिसतो, आणि तो जागेवर आहे, खाली घसरला आहे की आतड्यात निघून गेला आहे, हे दोन मिनिटांत कळते. सोनोग्राफीत नलिका फुगल्या आहेत का ते पाहतात. पण पीएससीत नलिकांच्या भिंती ताठ झालेल्या असतात, त्या तुंबूनही फुगत नाहीत. म्हणून ‘नलिका फुगलेल्या नाहीत, स्टेंट चालू आहे’ असा निष्कर्ष या आजारात ग्राह्य धरू नका. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसले, तर उपचाराची दिशा बदलते.

रक्तदाब घसरला, भान हरपले, लघवी कमी झाली, तर निचरा १२ तासांच्या आत करायचा. तो सकाळच्या यादीवर ढकलायचा नाही. प्रकृती स्थिर असेल तर एक-दोन दिवस अँटिबायोटिक देऊन, मध्ये एमआरसीपी करून मग ईआरसीपी करणे जास्त चांगले. नकाशा हाती असला की दुर्बीण टाकणारा नेमक्या फांदीत वायर नेतो. ईआरसीपीत जुना स्टेंट चिमट्याने किंवा फासाने पकडून काढतात, आधी थोडे पित्त ओढून कल्चरला पाठवतात, आणि नलिका एक्स-रेत दिसावी म्हणून सोडायचे रंगद्रव्य कमीत कमी सोडतात. ज्या फांदीत रंगद्रव्य गेले आणि तिचा निचरा झाला नाही, तिथे दुसऱ्या दिवशी ताप ठरलेला. आवळलेल्या भागातून ब्रशने पेशी घ्यायच्या, मग फुगा. ब्रश टाळू नये. पीएससीत पित्तनलिकेच्या कॅन्सरचा धोका खरा आहे, आणि त्यातले बरेच कॅन्सर पीएससीचे निदान झाल्यावर पहिल्या वर्षभरात सापडतात. पण सीए १९-९ ही रक्ततपासणी ताप-कावीळ असताना करून घाबरून जाऊ नका, नलिका तुंबली की तो आकडा कॅन्सर नसतानाही वाढतो. संसर्ग उतरल्यावर पुन्हा करा.

ईआरसीपीनंतरचा पहिला दिवस महत्त्वाचा. पोटाच्या वरच्या भागात, पाठीत जाणारी कळ आली आणि लायपेज नॉर्मलच्या तिप्पट झाले, तर स्वादुपिंडाला सूज आली. ती टाळायला ईआरसीपीच्या आधी गुदद्वारातून इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी देतात. कोलायटिसच्या रुग्णाला दुखण्याची गोळी नको, हे तुम्ही ऐकले असेल आणि ते बरोबरही आहे, पण ते रोज किंवा वारंवार घेण्याबद्दल. एका डोसाचा धोका लहान, फायदा मोठा. गुदाशयाला जोराची सूज असेल किंवा मोठे आतडे काढलेले असेल, तर मात्र डॉक्टर शिरेतून रिंगर लॅक्टेटचा भरपूर मारा देण्याचा पर्याय निवडतात. हृदय-मूत्रपिंड चांगले असायला हवे. घरी गेल्यावर दुखले तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. अझाथायोप्रिनही स्वादुपिंडाला सूज आणते, बहुधा सुरू केल्यापासून पहिल्या महिनाभरात. मेसालामाइनने ती क्वचित होते. म्हणून अझाथायोप्रिन नुकतेच सुरू झाले असेल आणि ईआरसीपीही नुकतीच झाली असेल, तर दोन्ही तारखा शेजारी मांडून पाहाव्या लागतात. चुकीच्या माथी दोष गेला तर एक तर चांगले औषध विनाकारण बंद होते, नाहीतर घातक औषध चालू राहते. भाऊ हे औषध वर्षानुवर्षे घेत असेल, तर हा प्रश्न बहुतेक नाही. सध्याच्या संसर्गात मात्र ते काही दिवस थांबवायचे का, हे पोटाच्या डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका.

स्टेंट सरकणे हा दुसरा मोठा बिघाड. वर सरकला तर नलिकेच्या आत जातो आणि काढायला कौशल्य लागते. खाली सरकला तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातो, कुणाला कळतही नाही. पण त्याचे टोक समोरच्या आतड्याच्या भिंतीत रुतून भोक पाडू शकते. भावाला कोलायटिस आहे, पण क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, जो लहान आतड्यातही होतो) रुग्णात धोका वेगळ्या कारणाने वाढतो: लहान आतड्यात आवळलेली जागा असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने आतडी चिकटलेली असतील, तर निसटलेली नळी तिथे अडकते आणि अडथळा किंवा छिद्र करते. म्हणून क्रोन्सच्या रुग्णात, एक्स-रेत स्टेंट नलिकेतून सुटलेला दिसला तर ‘पडून जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. दर दोन-तीन दिवसांनी एक्स-रे करून तो पुढे जातो आहे का ते पाहावे. सरळ नळीपेक्षा डुकराच्या शेपटीसारखी वळलेली टोके असलेली नळी कमी सरकते, हे डॉक्टरांना माहीत असते. घरातल्या रुग्णाच्या आतड्याला आवळण असेल तर ते मात्र आठवणीने सांगा, कारण ईआरसीपी करणारा आणि क्रोन्सवर उपचार करणारा डॉक्टर बऱ्याचदा वेगळे असतात.

स्टिरॉइडबद्दल मी सुरुवातीलाच इतक्या ठामपणे लिहिले त्यामागे हेच कारण आहे. प्रेडनिसोलोनवर असलेल्या माणसाच्या आतड्याला भोक पडले तरी पोट ताठ होत नाही, ताप चढत नाही, चेहरा बरा दिसतो. मग सीटीत पोटात हवा सापडते तेव्हा उशीर झालेला असतो. जो माणूस आधीपासून काही आठवडे स्टिरॉइड घेतो आहे त्याने ते एकदम बंद करायचे नाही, ते तर आणखी धोक्याचे. पण नव्याने सुरू करण्याआधी नलिका मोकळी आहे हे पक्के करा. बायोलॉजिक इंजेक्शन (कोलायटिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारे) चालू असेल तर संसर्ग असेपर्यंत पुढचा डोस थांबवतात. क्षयाची तपासणी आधी झाली होती का तेही पाहा, आपल्याकडे ते विसरून चालत नाही.

स्टेंटमुळे कोलायटिस उसळतो का, हे तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. थेट नाही. मात्र अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर जुलाब वाढले, तर तो कोलायटिस आहे असे मानण्याआधी शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूसाठी तपासणी करा. कोलायटिसच्या रुग्णात हा संसर्ग जास्त होतो आणि उसळलेल्या कोलायटिससारखाच दिसतो. उपचार उलट दिशेचा आहे: तोंडाने व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. शिरेतून दिलेल्या व्हँकोमायसिनचा आतड्यात उपयोग होत नाही. जुलाब चालू असताना लोपेरामाइडने ते दाबू नका.

खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पूड देतात. ती इतर औषधेही बांधून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्यांमध्ये निदान चार तासांचे अंतर ठेवा. युर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे पित्ताचे औषध चालू असेल तर डोस पाहून घ्या. वजनाच्या किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास चालतो. २८ मिलिग्रॅमच्या वर नुकसान झाल्याचे दिसले आहे, ‘जास्त दिले तर लवकर बरे’ हे इथे लागू नाही. जेवणाबद्दल विचारले जाते: सावजी रस्सा खाल्ल्याने स्टेंट तुंबत नाही. आतड्याला तिखट सोसवत नसेल तर ते वेगळे. मे महिन्यात मात्र पाण्याकडे लक्ष द्या. नागपूरच्या ४५ अंशांत जुलाब असलेल्या माणसाचे पाणी पटकन कमी होते. मूत्रपिंड बिघडते, आणि कोलायटिसमध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त, तो आणखी वाढतो. एका पायाला सूज आली तर तेही सांगा.

गावाकडे राहताना एक तयारी करून ठेवा. हीच गोष्ट गडचिरोली, गोंदिया, सिरोंच्याहून येणाऱ्या घरांनाही सांगते, त्यांना तर ती तुमच्याहून जास्त लागते. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, किती फ्रेंच, किती लांब, कोणत्या बाजूच्या नलिकेत, टाकल्याची तारीख आणि काढण्याची तारीख हे सगळे लिहून घ्या. खाली एक ओळ: थंडी वाजून ताप आल्यास जवळच्या रुग्णालयात ब्लड कल्चर घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा आणि लगेच पुढे पाठवावे. कोणते अँटिबायोटिक, तेही नावाने. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. विसरलेल्या स्टेंटभोवती खडे धरतात आणि मग तो ओढताना तुटतो. ‘त्रास नाही म्हणून आलो नाही’ असे होऊ देऊ नका. नागपुरातले मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), सुपर स्पेशालिटी, एम्स की धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने, कुठेही जा, पण शक्यतो जिथे पीएससीच्या ईआरसीपी नियमित होतात तिथे, आणि दर वेळी त्याच ठिकाणी.

वर्षातून दोनदा-तीनदा असा संसर्ग होऊ लागला, तर केवळ स्टेंट बदलत बसू नये. यकृत प्रत्यारोपण केंद्रात एकदा नाव दाखवून मत घ्यावे, बिलिरुबिन फार वाढलेले नसले तरी. आणि हा ताप आटोक्यात आला की कोलोनोस्कोपीची तारीख घ्या. कोलायटिस आणि पीएससी दोन्ही असलेल्या माणसाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका नुसत्या कोलायटिसपेक्षा जास्त असतो, आणि अशा रुग्णाचा कोलायटिस बऱ्याचदा शांत, कमी त्रासाचा असतो, म्हणून तपासणी मागे पडते. पीएससीचे निदान झाल्यापासून दर वर्षी, बायोप्सीसह.